उसवणारीसाठी शिवलेला किमोनो

शिवताना सुई चालते की कापड? वरवर पाहता हा प्रश्न विचारण्याजोगाही नाही. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे शिवणकाम शिकवताना मी तो कधी विचारला नाही. कापड स्थिर धरावे, सुई पुढे न्यावी, टाका घट्ट ओढावा, म्हणजे तो जन्मात उसवत नाही, एवढेच फळ्यावर लिहीत आले. आज त्याचे उत्तर नीट मांडून पाहायचे आहे. कारण सकाळी सुनेच्या रेशमी ओढणीवरून इस्त्री फिरवली तेव्हा ओलसर रेशमाचा, पेजेची आठवण करून देणारा वास उठला आणि लंडनमधल्या हॅरोच्या वाचनालयावरची एक खोली डोळ्यांपुढे उभी राहिली.

नव्या शतकाची ती पहिलीच काही वर्षे; मी तिथे मुलाकडे राहायला गेले होते. त्या खोलीत दर मंगळवारी एक वृद्ध जपानी बाई हातशिवण शिकवीत. "आई, विद्यार्थिनी म्हणून जा हं," सुनेने बजावले होते, "हेडमिस्ट्रेस म्हणून गेलात, तर कौन्सिलला कम्प्लेंट जाईल!" बाईंचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी, दोन्ही पाठ्यपुस्तकातून आलेले, त्यामुळे एकमेकींचे बोलणे आम्हांला सहज समजे.

बाईंनी स्वतःच्या तरुणपणीचा किमोनो, जांभळ्या रेशमावर पांढऱ्या लाटांचा, पूर्ण उसवून धुतला होता. नातीला वीस वर्षे पूर्ण होणार होती आणि त्या दिवशी तिने तो घालायचा होता. किमोनोत वळणदार कापणी नसते, हे येथे सांगायला हवे. अरुंद पन्ह्याच्या लांबलचक कापडाचे सरळ आयत पाडतात, सरळ शिवणींनी जोडतात आणि जादा कापड कापून न टाकता आत दुमडून ठेवतात. म्हणूनच बुटक्या आजीचा पोशाख उंच नातीला होऊ शकतो.

पण बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर एक करडा डाग पसरत चालला होता. समोर पाहिले की नेमके समोरचेच दिसेनासे होई, आणि इलाज उरला नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. वाढदिवसाआधी शिवण पुरी होईल ना, ही एकच धास्ती त्यांना होती. माझ्यापुढे सुयांची डबी सरकवत त्या म्हणाल्या, "धागा ओवण्यापुरते तुमचे डोळे उसने द्या. शिवेन मीच."

ते शिवणे मी थक्क होऊन पाहत असे. मधल्या बोटात चामड्याचे वळे, त्याला आखूड सुईचे मागचे टोक टेकलेले. सुई जागची हलत नसे. दोन हातांमध्ये ताणलेले कापड, उजवीकडे वर तर डावीकडे खाली, लगेच उलट, असे झुलत झुलत सुईवर चढे. मग साचलेल्या चुण्या त्या चिमटीने हलकेच धाग्यावर सरकवून सपाट करीत. नजर खिडकीबाहेर, आणि शिवण मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ.

एका मंगळवारी त्या तपासणीला गेल्या. ओवून ठेवायला दिलेल्या सुयांबरोबर शेवटची बाहीही माझ्याकडेच राहिली होती. मला त्यांची दया आली. खरे सांगायचे तर शिक्षिकेची खुमखुमीही होतीच. वीतभर शिवण मी घालून टाकली, अगदी एकसारखी, घट्ट.

पुढच्या आठवड्यात त्यांचे बोट बाहीवरून फिरत आले आणि नेमके तिथे थांबले.

"ही कोणाची?"

"माझी."

"सुंदर आहे. शाळेत पहिला नंबर आला असता."

"शाळेत नंबर मीच देत असे."

त्या खळखळून हसल्या आणि हसता हसताच ती शिवण उसवू लागल्या. टाके निघेनात. रेशमाला ओढ बसली आणि मोहरीएवढे भोक पडले. त्यांनी ते भोक बोटाने चाचपले.

"तुमच्या सुईने कापडाला ओढत नेलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी नात उंच आहे. तिची मुलगी कदाचित बुटकी निघेल. तेव्हा कोणीतरी हे उसवायला बसेल. तिला त्रास होऊ नये."

जादा कापड आत होतेच. शिवण किंचित आत घेऊन त्यांनी ते भोक दुमडीत झाकले आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा आरंभ केला. बाही पुरी व्हायला आणखी तीन मंगळवार लागले, वाढदिवसाला तेव्हा चार दिवस उरले होते. विझत चाललेल्या डोळ्यांनी ही बाई अजून न जन्मलेल्या मुलीचा आणि तिच्यासाठी उसवायला बसणाऱ्या अनोळखी हातांचा विचार करीत होती. मी मात्र उभ्या आयुष्यात उसवणारीचा विचार केला नव्हता.

बाई आता नाहीत. तो किमोनो कुठे असेल, मला ठाऊक नाही. माझ्यापुरते उत्तर असे: सुई स्थिर ठेवून कापड चालवले, तर कापडाला ओढ बसत नाही. परंतु माझ्या शब्दावर विसंबू नका. जुन्या मऊ कापडाचा एक तुकडा घ्या, दोन्ही रीतींनी वीतभर शिवा आणि मग दोन्ही शिवणी स्वतः उसवून पाहा.