एकाच तोंडाचा पंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगून तरी काय होणार? पण थकलोय — एवढंच.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न करायचो. म्हणजे ओतायच्या वस्तूचा आधी लाकडी नमुना. मुंबईच्या एका दलालामार्फत काम आलं — आफ्रिकेतल्या कुठल्याशा परदेशी खाण कंपनीचं. कागदावर होतं, खाणीतल्या पाण्याच्या पंपाची बॉडी. आता पंपाला पाणी आत यायला एक वाट लागते, बाहेर जायला दुसरी. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ह्याला तोंड एकच, आणि भिंत ही जाड! मला कळलं नव्हतं? कळलं होतं. पहिल्याच दिवशी.

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं, सगळे पॅटर्न मांडून पूजा करायचो. तो एक मी टेबलाखाली सारला. कुंकू लावायला हात धजेना. मारुतीनं पाहिलं. मारुती आमचा मोल्डर, माझ्या पॅटर्नवरून वाळूत साचे करणारा.

"दादा, ह्यो पंप न्हाय की. खरं सांगा, काय हाय?"

मी पॅटर्न बाहेर काढला, त्याच्यादेखत कुंकू लावलं आणि म्हणालो, पंपच आहे रे. मालकाशी वाकडं घ्यायची छाती नव्हती — भित्रा होतो मी. मारुती कामाला लागला. दोन वर्षं त्यानं ते साचे केले.

बऱ्याच वर्षांनी तो वर्तमानपत्र घेऊन मंगळवार पेठेत माझ्या घरी आला. खाणीसाठी गावं उठवायची म्हणून कंपनीनं टोळ्यांना चोरून दारूगोळा पुरवला, मागं एका बड्या देशाचा हात होता, गावंच्या गावं मारली गेली — अशी बातमी. फोटोत जमिनीत अर्धा रुतलेला, न फुटलेला तोफगोळा. त्याच्या मानेशी गोलाई होती. ड्रॉइंगमध्ये तिथं काटकोन होता. कोपऱ्यात लोखंड नीट भरत नाही, म्हणून गोलाई मी दिली होती — माझ्या मनानं, काम चांगलं व्हावं म्हणून! आपलं अक्षर ओळखावं तशी ती मी ओळखली.

मारुतीनं फोटोवर बोट ठेवलं. "आपलं न्हाय न्हवं, दादा?"

छे, मी म्हणालो, असलं जगात हजार ठिकाणी ओततात.

त्यानं डोळे पुसले. चहा घेतला. नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला नारळ देतो म्हणाला, आणि खरंच गेला. येताना माझ्यासाठी पेढे आणले.

मी ते खाल्ले.