कोपऱ्यातली आजी कुठे गेली

निखिलदादाचा फोन आला तेव्हा मी वेरिबी स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. बसच्या मागणीची. शहराच्या कडेच्या ट्रुगानिनातल्या आमच्या नव्या वस्तीत ज्याच्याकडे गाडी नाही त्याने दिवसभर भिंती बघत बसावं, अशीच सगळी आखणी आहे, असं त्यात मी लिहिलं होतं. "आई गेली," तो म्हणाला, आणि मग उगाचच, "तू कामात असशील ना?" ... त्याची आई म्हणजे माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहणाऱ्या शुभदाकाकू. दुपारी टीव्हीसमोर, खुर्चीतच गेल्या. हृदय थांबलं. मालिका मात्र चालूच होती. तिच्यातलं ते रेकॉर्ड केलेलं हसू खिडकीतून रस्त्यावर येत होतं आणि समोरच्या बाईंना वाटलं, आज यांच्याकडे बरीच मंडळी जमलेली दिसतात. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. तेव्हापासून त्या घरासमोरून जाताना माझी चाल आपोआप हळू होते. कुणीतरी हसतंय का, ते ऐकायला.

ती मालिका म्हणजे ब्रिटनमधल्या एका कुटुंबाची विनोदी गोष्ट. आई, बाप, तीन कार्टी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बापाची म्हातारी आई. काकूंना जुन्या वस्तूंच्या दुकानात तिचा एकच सीझन डीव्हीडीवर मिळाला होता, तिसरा. आधीचे नाहीत, पुढचे नाहीत. व्हिजिटर व्हिसावर त्या भारतातून इथे मुलाकडे यायच्या, मुदत संपली की पुण्याला जायच्या, पुन्हा यायच्या. आणि प्रत्येक खेपेला तोच सीझन पहिल्यापासून लावायच्या. निखिलदादा आणि केतकी शिफ्टला, नात इरा शाळेत, बस नाही, फुटपाथवर चिटपाखरू नाही. दिवसभर त्यांच्याशी मोठ्याने बोलणारी माणसं त्या मालिकेतली, तेवढीच होती. काकू उलट उत्तरं द्यायच्या. "उचल की ते ताट, बाप आहेस की पाहुणा," असं त्या बापाला मराठीत ठणकावायच्या. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. न दिसणाऱ्या माणसांशी बोलायची सवय जुनी, म्हणायच्या. माझ्या पत्रकांची त्यांनी कधी गय केली नाही. "सगळीकडे 'धिक्कार' आणि 'निषेध'. अगं, दोन ओळी हसायला ठेव मध्ये. लोक कचऱ्यात टाकायच्या आधी वाचतील तरी."

पण त्या मालिकेतल्या एका गोष्टीवर त्या स्वतः कधी हसल्या नाहीत. सीझनच्या मधोमध ती म्हातारी नाहीशी होते. मरत नाही, गावी जात नाही, भांडून निघत नाही. एका भागात ती खुर्चीत विणत बसलेली असते, पुढच्या भागात नुसती खुर्ची. मग तिच्यावर कुणीतरी कपडे टाकतं. काकूंनी मला तो प्रसंग मुद्दाम थांबवून दाखवला होता. मी म्हटलं, "काकू, त्या नटीचं काँट्रॅक्ट संपलं असेल. कामगारांना असंच काढतात."

"ते मला कळतं गं. नटी गेली असेल घरी. पण या घरातल्या कुणी विचारलं का, आजी कुठे गेली म्हणून? ती धाकटी पोर तरी विचारेल की नाही? ... मला तसं जायचं नाहीये. कपडे टाका खुर्चीवर, हवं तर विकून टाका. पण गेली म्हणा."

मी तेव्हा हसले. त्या हसल्या नाहीत.

काकूंना इथेच अग्नी दिला. त्या दिवशी इराला तिच्या मैत्रिणीकडे ठेवलं होतं. मग निखिलदादा अस्थी घेऊन पुण्याला जाऊन आला. काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले, तर इरा मला उत्साहाने म्हणाली, "आजी इज इन इंडिया. वी आर पिकिंग हर अप फ्रॉम द एअरपोर्ट आफ्टर विंटर." मी केतकीकडे बघितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. काकूंच्या खोलीचं दार बंद होतं.

आमच्या गल्लीत हे खोटं सहज खपतं. इथे प्रत्येक घरातले आजी-आजोबा असेच येतात आणि असेच जातात. सरकार त्यांना मुदतीचा शिक्का मारून पाठवतं, आणि आजी नाहीशी होणं म्हणजे पोरांच्या लेखी विमान. मला संताप आला. सरकारचा नेहमीचाच, पण त्या दिवशी या दोघांचाही. इरा बाहेर खेळायला गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तिला खोटं सांगितलंत."

"तसं अगदी खोटं नाहीये," केतकी हळूच म्हणाली. "अस्थी गेल्याच ना इंडियाला."

"केतकी, हिवाळा संपल्यावर एअरपोर्टवर कोण येणार आहे?"

"तू भाषण नको देऊस," निखिलदादा म्हणाला. "पाच वर्षांची आहे ती."

"भाषण नाही. काकूंनी काय मागितलं होतं, तेवढं सांगते." आणि त्या खुर्चीबद्दल काकू जे बोलल्या होत्या ते मी जसंच्या तसं सांगितलं. तो सीझन इतक्या वेळा घरात वाजला, पण ती म्हातारी गायब होते हे दोघांनाही माहीत नव्हतं. निखिलदादा उठला. मग बाहेर गेला आणि ड्राइव्हवेवर इराशेजारी जमिनीवर बसला. काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. इराचं तेवढं ऐकू आलं. "सो नो एअरपोर्ट?" ... "नाही, बाळा." मग ती रडली. केतकी धावत गेली. मी आतच थांबले.

त्या संध्याकाळी त्यांनी काकूंच्या खोलीचं दार उघडलं, आणि ते आता उघडंच असतं. पलंगावर चादर, खिडकीत अमृतांजनची बाटली, कपाटाच्या दाराला अडकवलेला स्वेटर. केतकीला उशीर होणार असला की मी इराला शाळेतून घरी आणते. काकू मराठीत विचारायच्या आणि ही पोर कायम इंग्रजीत उत्तर द्यायची. आता ती बूट काढते, त्या दारात उभी राहते आणि मराठीत म्हणते, "आजी, मी आले."

मग थांबते. समोरचं माणूस काही विचारत असताना आपण थांबतो, तितकंच. खोलीत कुणी नसतं.

"हो गं," इरा म्हणते, "धुते हात."