मामूंनी मागितलेलं पाणी

आमच्या दुबईच्या वर्कशॉपमध्ये एक इटालियन फिटर होता. त्याआधी तो पोटासाठी सायकल चालवायचा. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीने हौसेने शर्यतीची टीम काढली, दोन हंगामांत गुंडाळली, आणि हा गडी आमच्या वाळूत येऊन पडला. टीमची विटकी लोकरी जर्सी तो भर उन्हाळ्यात घालायचा.

"कितनी रेस जीता?" चहाला बसल्यावर माझ्या मामूंनी विचारलं. मामू स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे, जिभेला हाड नाही.

"एक भी नहीं." कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागून हाक आली की त्याला पाणी द्यायचं, हेच त्याचं काम. हाक ऐकली की हात अजूनही आपोआप बाटलीकडे जातो, असं तो हसत म्हणाला.

"मतलब, हमाल!" मामू म्हणाले. सगळे खिदळले. तोही.

बकरीदच्या सुमारास दोघांनीही रजा मागितली. साहेब एका वेळी एकालाच सोडायचा. इटालियनच्या एकुलत्या मुलीचं लग्न होतं. मामूंना आंबे खायला जायचं होतं, बस्स. साहेबाला गंमत सुचली. शारजाच्या वाटेवर दोघांनी सायकली हाणायच्या, जिंकेल तो बोटीवर. इटालियनला वाटलं, लग्नाला पोचलोच.

समोरून वारा सुटला होता. मामू जळूसारखे त्याच्या मागच्या चाकाला चिकटले. वारा सगळा त्याने खाल्ला. शर्यत संपल्याची खूण म्हणून ठेवलेली पिंपं दिसू लागली, तो आता निघून जाणार, एवढ्यात मामू ओरडले, "पानी!"

त्याचा हात खाली गेला. वेग मंदावला. बाटली मागे धरून तो वळला, तेव्हा मामू बाजूने पुढे निघून गेले होते. साहेब लँडरोव्हरमध्ये पोट धरून हसत होता. मामू माझे सख्खे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली.

"खलास, हबीबी," म्हणत मामूंनी त्याच्या हातातली बाटली घेतली आणि रिकामी केली.

दोन महिन्यांनी मामू परतले. पेटीतला सगळ्यात मोठा आंबा त्यांनी इटालियनच्या हातात ठेवला. "लो, बेटी की शादी का मुँह मीठा करो."

त्याने मान खाली घालून तो खाल्ला. मामूंचेही हात रसाने बरबटले होते.

"अरे, पानी!" ते म्हणाले.

इटालियन उठला.