शिशाचे मणी

आमच्या शेजारचे डोमाभाऊ ढिवर फार हट्टी माणूस. त्यांनी फेकलेलं जाळं तलावावर ताटासारखं गोल उघडायचं. साठीनंतर मात्र उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदऱ्याची बाहीसुद्धा बायको चंदाबाई चढवून द्यायची.

आरमोरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वय झालं की सांध्याभोवतीचे पट्टे ताठरतात, पहिल्यासारखे ताणले जात नाहीत. जोर कराल तर तुटतील."

भाऊ खवळले. "खांद्याले काई नाई झालं. जाळंच जड झालं!"

आणि ते जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी काढत बसले.

"अजी, वजनाबिगर जाळं बुडन कसं?" चंदाबाई ओरडली. ते कुठले ऐकतात!

हलकं जाळं पुन्हा गोल उघडू लागलं. तलावाच्या बांधावर, पाळीवर बसलेले लोक म्हणायचे, "भाऊचा हात अजून तसाच आहे." पण जाळं तरंगत तरंगत बुडायचं, तोवर मासोळ्या खालून निसटायच्या. भाऊ रोज रिकामं जाळं खांद्यावर टाकून घरी यायचे.

काल चंदाबाईनं विचारलंच, "मंग फेकता काऊन?"

भाऊ खांदा दाबत होते.

"मी म्हातारा झालो, हे मासोयाईले समजलं," ते म्हणाले. "गावाले नाई समजलं अजून."