मामांचे गुडघे आणि सोसायटीच्या खुर्च्या

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मामांवर संक्रांतीनंतरच्या पहिल्याच रविवारी, भर सकाळी, लख्ख उन्हात अन्याय झाला, आणि अन्याय करणाऱ्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं आल्याचा चहा पाजला. मी आजवर पाण्यासाठी, रस्त्यासाठी, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांसाठी पत्रकं लिहिली, पुष्कळ गांजलेली माणसं पाहिली. पण ज्याच्या बाजूनं भांडणं इतकं अवघड असा दुसरा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. पीडितानं निदान पीडितासारखं दिसावं, एवढीच तर आमची माफक अपेक्षा असते. मामा तेवढंही करत नाहीत.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत; ते इमारतीतल्या सगळ्यांचेच मामा. मूळ घर कोलाडकडचं, भातशेतीचं. पण उभा जन्म गेला रोह्याला पोह्यांच्या गिरणीत. भिजत घातलेल्या भाताच्या पाण्यात पाय आणि भट्टीच्या जाळासमोर तोंड, अशा अवस्थेत त्यांनी लोकांच्या नाश्त्याची सोय केली. म्हातारपणी मुलानं पेणला रामवाडीत तिसऱ्या मजल्यावर घर घेऊन दिलं, 'वर हवा चांगली असते' म्हणून, आणि स्वतः गुजरातेत कंपनीच्या शिफ्टला निघून गेला. इमारतीला लिफ्ट नाही. हवा मात्र खरोखरच भरपूर आहे, आणि मामांचं सगळं भांडण तिच्याशीच आहे. "रोह्याची हवा नदीवरची," ते म्हणतात, "ती सांगूनसवरून येते. पेणची हवा खाडीवरची. दार न वाजवता सरळ गुडघ्यात शिरते."

गुडघ्यांबद्दल ते घरातल्या माणसांसारखं बोलतात. डावा तो थोरला, उजवा तो धाकटा. थोरला आधी कुरकुरतो, मग धाकटा त्याचं बघून रडं लावतो. "आज थोरला गप हाय, पण धाकट्याच्या मनात काय तरी चाललंय," असं ते सकाळी दात घासताना जाहीर करतात, आणि मामी आतून ओरडतात, "गुडघे हायेत का पंचांग? चहा निवतोय!" वडखळच्या अंगानं ढग यायला लागले की मामांच्या घरी निरगुडीचा पाला उकळत पडतो. तो वास जिन्यातून उतरत खालपर्यंत आला की गच्चीवर पापड-मिरगुंडं वाळत घातलेल्या बायका धावत सुटतात. एकदा ऐन उन्हाळ्यात मामांनी पाऊस सांगितला. सगळ्यांनी ओले पापड गोळा करून घरात कोंबले आणि संध्याकाळपर्यंत कडकडीत ऊन पडलं. बायका जाब विचारायला वर गेल्या तर मामा शांत. "पाऊस पडलाय. कोलाडला पडलाय." पुरावा म्हणून त्यांनी तिथल्या पुतण्याला फोन लावला. पुतण्या म्हणाला, "काका, हितं तर नुसता जाळ हाय." मामांनी फोन खाली ठेवला. "मग पुढं माणगावला पडला आसंल. गुडघ्याला गाव कळत नाय, दिशा कळते." आंबलेल्या पापडांचं काय करायचं हे मात्र गुडघ्यांनी सांगितलं नाही.

जिना चढताना मामा कधीही दम खायला थांबत नाहीत. ते फक्त चौकशीला थांबतात. पहिल्या मजल्यावर आमच्या दारावरची पाटी वाचतात, जशी काही ती रोज बदलते. "काय गो पत्रकवाले, आज कुणाला धारेवर धरलंस?" म्हणतात, आणि कठडा इतका घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. दुसऱ्या मजल्यावर दुधी कितीला मिळाला, पाहुणे कधी जाणार, बाळाला दात आले का, हे सगळं विचारून होतं. इमारतीतल्या बातम्या त्यामुळे मामांच्या चालीनं वर चढतात. ज्या दिवशी आभाळ भरलेलं असतं त्या दिवशी बातम्या पहिल्या मजल्यावरच मुक्काम करतात. आणि पावसाळ्यात तर मामा खाली उतरतच नाहीत. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडतात आणि भाजीवालीशी तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस करतात. ते ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबतात.

पेणमधल्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांची झीज झाली आहे, औषध घ्या, व्यायाम करा, जिने टाळा. हवेचं विचारलं तर म्हणाले, दमट थंडीत दुखणं वाढतं असं बहुतेक रुग्ण सांगतात. काही संशोधकांना ते पटतं, काहींना नाही, अजून एकमत झालेलं नाही. मामांनी समजुतीनं मान हलवली. "होऊ द्या सावकाश. त्यांना कुठं तिसऱ्या मजल्यावर जायचंय?"

तर, जिने टाळा. आमच्या तळमजल्यावर सोसायटीच्या मालकीची एक खोली आहे, संडास-मोरीसकट. मामांनी ती भाड्यानं मागितली. मागायचीसुद्धा त्यांना लाज. मामींनी रेटलं म्हणून मागितली. मोफत नव्हे, भाड्यानं! कमिटीनं ठरवलं, आधी प्रत्यक्ष पाहणी करू. आणि पाहणीसाठी दिवस कोणता निवडला? संक्रांतीनंतरचा, कोरड्या हवेचा, आभाळात ढगाचा ठिपका नसलेला. वर्षातले जे थोडे दिवस थोरला आणि धाकटा गुण्यागोविंदानं नांदतात, त्यातला एक.

सकाळी मी वर गेले तेव्हा नवराबायकोची जुंपली होती. मामी सांगत होत्या, "अवो, आज जरा लंगडा. चार पावलं लंगडलात तर काय बिघडतंय?"

"दुखत नसताना लंगडू? या वयात नाटकं करू?"

"रातभर कण्हता तवा कोण बघायला येतं? आज बघायला येतायत तर दाखवा की!"

"ती माणसं आपल्या घरी येतायत गो," मामा म्हणाले. "पाहुणे हायेत."

झालं. पाहुणे हा शब्द एकदा तोंडातून निघाला आणि मी कपाळाला हात लावला. मामा धुतलेला सदरा चढवून पाहुण्यांना घ्यायला खाली फाटकापर्यंत गेले. आमचे खजिनदार अंगानं भारी. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. मामांनी त्यांना हात दिला आणि वरपर्यंत आणलं. रुग्णानं तपासनिसाला आधार देऊन तपासणीच्या जागी पोचवलं, हा प्रकार मी या डोळ्यांनी पाहिला. वर चहा झाला, रोह्याचे पोहे झाले, गिरणीच्या गोष्टी झाल्या. गुडघ्यांचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, "आज तसे बरे हायेत." मामी ओट्याशी भांडी आपटत होत्या. निघताना आमचे सेक्रेटरी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, नको नको म्हणत असतानाही मामा त्यांना सोडायला परत खालपर्यंत गेले.

फाटकाशीच निकाल लागला. गुरुजी मला म्हणाले, "अगं, माणूस टुणटुणीत आहे. दुखणं खरं असतं तर रोज दुखलं असतं."

मी म्हटलं, "गुरुजी, पाऊस चार महिने पडतो. उरलेले आठ महिने तो खोटा असतो का?"

"शब्दात पकडू नकोस," गुरुजी म्हणाले. "आणि त्या खोलीत सोसायटीच्या खुर्च्या ठेवायच्यात. लोखंडी आहेत. बाहेर राहिल्या तर दमट हवेनं त्यांचे सांधे गंजतात."

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. दमट हवेचा सांध्यांवर परिणाम होतो हे आमच्या कमिटीला मान्य आहे. फक्त सांधे खुर्चीचे हवेत. खुर्च्यांची पाहणी कोणी केली नाही. त्यांना कोणी तीन मजले चढून दाखवायला सांगितलं नाही.

आता आषाढ चालू आहे. मामा ज्येष्ठापासून खाली उतरलेले नाहीत. ज्येष्ठाच्या शेवटी रोह्याला गिरणीतल्या त्यांच्या जोडीदाराच्या नातीचं लग्न झालं. जोडीदार स्वतः पत्रिका घेऊन वर आला होता, आणि मामांनी नवा सदराही शिवून ठेवला होता. त्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले, कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले आणि मामींना म्हणाले, "तू जा. मी आलो आसतो म्हणून सांग." वर परतायला त्यांना मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दुधीवाल्या काकूंनी धरलं. दोन मजल्यांच्या मधे त्यांनी कुणाचीच चौकशी केली नाही.

मी म्हटलं, "मामा, कमिटीला परत बोलावते. आत्ता, या पावसात. बघू दे त्यांना."

ते गॅलरीत बसले होते, दोन्ही गुडघ्यांना गरम विटेचा शेक घेत. म्हणाले, "नको गो. परत आले तर परत सोडायला खाली जावं लागंल. यावेळी जमायचं नाय. वाईट दिसंल ते."

मी अर्ज पुन्हा दिला आहे. त्याचं मी बघून घेईन. पण हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी एक मागणी आहे, आणि ती विनंती नाही. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या इमारतीत राहता, कुठल्या ना कुठल्या कमिटीवर असता. वरच्या मजल्यावरचं एखादं माणूस ज्येष्ठापासून दिसलेलं नसेल, तर उघडीप व्हायची वाट बघू नका. आजच, भर पावसात, जिना चढा. काय दुखतंय ते विचारा, आणि 'तसं बरं हाय' या उत्तरावर विश्वास ठेवू नका. चहा मिळेल, तो घ्या. आणि निघताना त्यांना उठू देऊ नका. दार तुमच्या हातानं ओढून घ्या, आणि एकटे खाली या.