सोमवारचा पाऊस

आमच्या भूगोल संस्थेत माणसं मोजकी आणि सत्कार उदंड. हवामानबदलाचा अभ्यास आणि प्रदेशाचा शोध ही आमची दोन उद्दिष्टं. शोध म्हणजे एखाद्या ओढ्याचा उगम शोधायला राहुरीहून निघायचं आणि वाटेत भेळ चांगली मिळाली की उगम तिथंच मानायचा. गाडी मी चालवायची, कारण बाकी सगळ्यांचे गुडघे गेलेले. मी कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले, आमचे अध्यक्ष हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून. नारळ फोडल्याशिवाय त्यांना नकाशाची घडीसुद्धा उघडवत नाही.

पाथर्डीकडच्या एका गावानं मात्र आम्हाला खरंच कामाला लावलं. सरकारी पर्जन्यमापक डोंगरापलीकडच्या मोठ्या गावात. तिथं पाऊस झाला की इथंही झाला असं कागदावर धरतात आणि पीकविमा नाकारतात. ढगांना ते कुणी कळवलेलं नसतं, ते डोंगरापलीकडेच रिकामे होतात. गावाला स्वतःचा पाऊस, खरं म्हणजे स्वतःचा दुष्काळ, मोजून हवा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला आमची गरज पडली होती, म्हणून आम्ही हुरळून गेलो.

आम्ही सिमकार्डवालं यंत्र आणलं. वरच्या नरसाळ्यात पाणी पडलं की आकडा थेट अध्यक्षांच्या मोबाईलवर. गुरं पोचणार नाहीत अशी मोकळी जागा म्हणून ते महादेवाच्या आवारात, कमरेएवढ्या ओट्यावर बसवलं. उद्घाटनाला हळदकुंकू, हार, उदबत्ती, नारळ. मी कुजबुजले, "आरती राहिली." अध्यक्षांना ती थट्टा वाटली नाही. त्यांनी आरती म्हटली, आणि अख्ख्या गावानं टाळ्यांचा ठेका धरला.

श्रावण लागला आणि दर सोमवारी मोबाईलवर पाऊस येऊ लागला. अध्यक्ष तो आमच्या ग्रुपवर टाकायचे, खाली आम्ही सगळे हात जोडायचो. गावात फोन करून विचारावं, हे एकालाही सुचलं नाही. हवामानाचे अभ्यासक ना आम्ही! गावाची बाजरी तिकडे उभी जळत होती.

विम्याच्या सुनावणीत अध्यक्षांनी आकडे ऐटीत पुढे ठेवले. तालुक्याच्या साहेबांनी ते वाचले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या यंत्रानं तर आमच्यापेक्षा जास्त पाऊस दाखवलाय." मागे बसलेल्या गावकऱ्यांकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मदत करायला गेलो आणि त्यांच्याच पायावर धोंडा पाडून बसलो. साहेबांनी दया येऊन पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

आकडे सोमवारचेच का, ते बघायला मधल्या सोमवारी आम्ही सकाळीच गावात पोचलो. ओट्यापाशी एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी महादेवाला पाणी घातलं, मग उरलेला तांब्या आमच्या नरसाळ्यात ओतला, वर बेल ठेवला आणि हात जोडले.

"मावशी, हा देव नाही," अध्यक्ष म्हणाले. "पाऊस मोजायचं यंत्र आहे."

"मंग आरती कुनी म्हनली हुती?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना, पण मावशींची बाजरीही त्याच विम्याच्या अर्जात होती. त्यांच्या पाण्यानं काय झालं ते अध्यक्षांनी जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. चूक आमचीच, हेही सांगितलं. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मावशी खाली बसल्या. "आता लोक मला काय म्हनतील?"

आकडे खोटे ठरवायचे तर पाणी कुणी घातलं ते सुनावणीत सांगावं लागणार होतं, तेही अख्ख्या गावासमोर. आम्ही म्हटलं, तुमचं नाव नको, आम्हीच काहीतरी बघतो. काय बघणार होतो, कोण जाणे.

मावशी पदर खोचून उठल्या. मग म्हणाल्या, "मीच येते. मी घातलं, मीच सांगीन."

सुनावणीला त्या इस्त्रीच्या लुगड्यात आल्या आणि साहेबांपुढे उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मावशी, हे पाणी कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"टँकरचं. आमच्या वाटनीतलं."

"प्यायचं पाणी? ते दर सोमवारी कशाला ओतत होता?"

"पाऊस न्हाई म्हनून."

 साहेबांनी आमचे आकडे बाजूला सारले आणि मावशींचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं.