वासुदेवरावांच्या पेन्सिलीचा गोल

रायपूरजवळच्या उरला गावातल्या बॉयलर कारखान्यात वासुदेवराव एकतीस वर्षं वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे वाचत आले. भेग दिसली की फिल्मवर मेणाच्या पेन्सिलीनं जाड गोल काढायचा आणि सांधा पुन्हा उकरायला लावायचा. माणूस असा वहमी, की लग्नाच्या मांडवातही खुर्ची उलटी करून सांधा बघणार, मगच टेकणार. बायको चित्राबाई लाजेनं चार रांगा सोडून बसायच्या.

लेक श्रावणी बापावरच गेली. नव्या रायपुरात ती क्वांटम कॉम्प्युटरला एक्स-रे वाचायला शिकवत होती, फिल्मा बापाच्याच. दोन वर्षं खपली, आणि परवा शंभरातल्या सत्त्याण्णव बरोबर आल्या. सोमवारी अहवाल गेला की कारखान्यात फिल्म वाचायला माणूस नको, असं मालक बोलून चुकला होता. म्हणजे वासुदेवरावच नकोत. तरी गडी हौसेनं लेकीचं काम बघायला गेला, आता बोला.

"दाखव तं, कशी पायते तुई मशीन."

श्रावणीनं पडद्यावर चौसष्ट करडे चौकोन आणले. आठ आडवे, आठ उभे.

"हे काय?"

"आपकी फिल्म, बाबा. पूरी नहीं जाती. एवढीशी भरतानाच जीव जातो. आणि एकदा वाचलं की आतलं मोडतं, म्हणून हजारदा भरायचं, हजारदा वाचायचं. मशीनही इथं नाही, नंबर लावून बसावं लागतं."

वासुदेवराव हबकलेच. केसाएवढी भेग या ठिगळांत राहील कुठं? मग मशीन ओळखते तरी कशावरून? ते एकेक चित्र बघत गेले. फुटक्या सांध्याच्या प्रत्येक चित्रात एक काळपट डाग होता. त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं.

"श्रावणी, हा माया पेन्सिलीचा गोल आहे."

त्यांनी एका फुटक्या सांध्याच्या फिल्मवरचा गोल रुमालानं पुसला आणि तीच फिल्म पुन्हा पाठवायला लावली. दुपार रांगेत गेली, मग उत्तर आलं, सांधा चांगला. दुसरी पुसली. तोही चांगला.

श्रावणी पांढरीफटक पडली. दोन वर्षं पाण्यात गेली होती.

"काहून सांगितलं, बाबा?" ती कशीबशी म्हणाली. "किसी को पता नहीं चलता."

"बॉयलरले कळलं असतं, बाई. त्याच्याजवळ माणसं उभी असतात."